उचलता येते म्हणून उचलायचीच का? ड्राफ्ट्स आणि आपल्या सोळा सोंगट्या



बुद्धिबळाचा घोडा डोंबिवलीत अडीच घरं चालतो आणि मॉस्कोतही अडीचच घरं चालतो. ड्राफ्ट्सचं, म्हणजे अमेरिकेत ज्याला चेकर्स म्हणतात त्या खेळाचं, तसं नाही. सोंगट्या त्याच गोल चकत्या, पट तोच काळा-पांढरा, पण इंग्लंडचा नियम फ्रान्सला चालत नाही, फ्रान्सचा रशियाला चालत नाही, आणि तुर्कस्तानात तर सोंगटी तिरकी जातच नाही. आपल्याकडे फरशीवर खडूने आखून जो सोळा सोंगट्यांचा खेळ खेळायचे तोही याच कुळातला. त्याचे नियम तर गाव बदललं की बदलायचे.

हा विषय आज घ्यायला कारण घडलं. आमच्या मंडळात कल्याणच्या एक काकू येतात, वय ८१. दिवाळीच्या सुट्टीत नातवाबरोबर मोबाईलवर ड्राफ्ट्स खेळायला बसल्या. त्यांना समोरची एक सोंगटी उचलता येत होती, पण उचलायची नव्हती, कारण पुढचा धोका दिसत होता. मोबाईल दुसरी चाल करूच देईना. नातू म्हणाला, "आजी, उचलता येत असेल तर उचलावीच लागते. तू लहानपणी चुकीचंच शिकलीस." काकूंनी मोबाईल त्याच्या हातात दिला आणि त्यानंतर त्या खेळल्याच नाहीत. "आमचं सगळंच आता चुकीचं निघायला लागलंय," असं मंडळात हसत हसत सांगत होत्या. ते हसणं मला काही बरं वाटलं नाही.

मी वाणिज्य शाखेची. दुकानातला शिल्लक माल 'आधी आला तो आधी गेला' या पद्धतीने मोजा किंवा सरासरी किमतीने मोजा, दोन्ही हिशेब खरे असतात. फक्त कोणती पद्धत धरली ते कागदावर लिहावं लागतं. मोबाईलने आपली पद्धत धरली होती आणि काकूंनी आपली. काकूंची पद्धत कुठून आली हे शोधायला मी बसले आणि महिनाभर त्यातच रमले.

आधी डब्यातला खेळ सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आपल्याकडे दुकानात मिळतो तो बहुतेक इंग्रजी पद्धतीचा. माझे सासरे कल्याणला रेल्वेत होते, त्यांनी आणलेला लाकडी पट अजून आमच्याकडे आहे. ६४ घरं, त्यातली ३२ काळी. खेळ फक्त काळ्या घरांत. पट असा ठेवायचा की प्रत्येकीच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात काळं घर येईल. प्रत्येकीच्या १२ सोंगट्या, पहिल्या तीन ओळींत. म्हणजे ३२ घरांत २४ सोंगट्या आणि मध्ये ८ घरं शिल्लक. गडद रंगाची बाजू आधी चालते. सोंगटी तिरकी, एक घर, पुढेच. समोर शेजारच्या घरात दुसरीची सोंगटी असेल आणि तिच्या पलीकडचं घर रिकामं असेल, तर वरून उडी मारायची आणि ती उचलायची. उतरल्यावर तिथून पुन्हा उडी मिळत असेल तर त्याच चालीत तीही घ्यायची. समोरच्या शेवटच्या ओळीत पोचली की सोंगटीवर दुसरी चकती ठेवून तिचा 'किंग' होतो. तो मागेपुढे दोन्हीकडे जातो, पण एकच घर. जिच्या सोंगट्या संपल्या किंवा जिला चालच उरली नाही ती हरली.

आणि या पद्धतीत उडी मिळत असेल तर ती मारावीच लागते. दोन-तीन उड्या वेगवेगळ्या मिळत असतील तर कुठली मारायची ते आपलं आपण ठरवायचं, जास्त सोंगट्यांचीच घ्या अशी अट नाही. पण मारायची नाही असं म्हणता येत नाही.

हा एक नियम असला की खेळ कसा बदलतो ते पटावर मांडून बघा. सक्ती असेल तर मी मुद्दाम माझी एक सोंगटी तुमच्या तोंडापुढे नेऊन ठेवते. तुम्हाला ती घ्यावीच लागते. तुम्ही उडी मारून जिथे उतरता, तिथे माझी दुसरी सोंगटी टपून बसलेली असते. ती तुम्हाला उचलते आणि तुमच्या मागे उघडी पडलेली आणखी एकही उचलते. एक दिली, दोन घेतल्या. इंग्लंड-अमेरिकेतला सगळा मोठा खेळ अशा आमिषांवर उभा आहे. सक्ती नसेल तर आमिष चालत नाही, कारण समोरची म्हणते, "नको गं बाई मला तुझी सोंगटी." मग खेळ सावध होतो, लांबतो, आणि लक्ष असतं ते एकमेकींना आधार देत ओळ पुढे न्यायची याच्यावर. दोन्ही बुद्धीचेच खेळ आहेत. काकू दुसरा खेळत होत्या.

सक्ती आणि मोकळीक यांच्या मधलाही एक नियम होता, आणि तो मला सगळ्यात आवडला. इंग्लंडात पूर्वी उडी मारायची राहिली, विसरून म्हणा की मुद्दाम, तर समोरच्याला तीन वाटा असत: ती चुकार सोंगटी पटावरून काढून टाकायची, किंवा 'मागे घे आणि उडी मार' असं सांगायचं, किंवा काहीच न बोलता पुढे चालायचं. काढून टाकण्याला 'हफ' म्हणत. फ्रेंच शब्दाचा अर्थ तर सरळ फुंकणे. सोंगटीवर फुंकर मारायची आणि ती उचलायची. हे फुंकणं चाल धरली जात नसे, फुंकून झाल्यावर आपली चाल वेगळी खेळायची. नंतर मोठ्या स्पर्धांतून हा नियम गेला, उडी मारायला लावायची एवढंच उरलं.

वाचताना मला एकदम माझं माहेर आठवलं. सांगली जिल्ह्यात आमच्या घरी जमिनीवरच्या खेळात उचलायची राहिलेली सोंगटी 'आंधळी' म्हणून जायची. "आंधळी गेली!" असं ओरडून आत्या ती उचलायची आणि मग स्वतःची चाल खेळायची. फुंकर तेवढी नव्हती. माझी आत्या कधी मिरजेच्या पलीकडे गेली नव्हती आणि इंग्लंडातल्या नियमाशी तिचा नियम इतका जुळावा याची मला गंमत वाटते. कुणी कुणाकडून घेतला असं मी म्हणत नाही. न दिसलेल्या उडीचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक घरात येणारच, आणि त्याची उत्तरं तरी किती असणार?

आता बाकीचे देश भराभर सांगते. जागतिक संघटना १९४७ मध्ये स्थापन झाली. तिचा मुख्य खेळ १०० घरांच्या पटावरचा, २०-२० सोंगट्यांचा; अठराव्या शतकात पॅरिसमध्ये तो रुजला. त्यात साधी सोंगटीसुद्धा मागे उडी मारून उचलू शकते (पुढे चालताना मात्र पुढेच), चढलेली सोंगटी तिरक्या रेषेत हवी तेवढी लांब जाते, आणि जिथे जास्तीत जास्त सोंगट्या मिळतात तीच उडी घ्यावी लागते. रशियात पट ६४ घरांचाच, पण चढलेली सोंगटी लांब जाते आणि जास्त घेण्याची सक्ती नाही. शिवाय उड्या मारत मारत शेवटच्या ओळीत पोचलेली सोंगटी तिथल्या तिथे चढते आणि त्याच चालीत मोठी होऊन पुढे उड्या मारते. पॅरिसच्या नियमात तसं नाही, तिथे उड्यांच्या ओघात शेवटची ओळ नुसती शिवून परत आलात तर चढलात असं धरत नाहीत. इटलीत साधी सोंगटी चढलेल्या सोंगटीला हात लावू शकत नाही, लहानाने मोठ्याला उचलायचं नाही असा जणू घरचा रिवाज. कॅनडात १४४ घरं आणि ३०-३० सोंगट्या. तुर्की खेळात १६-१६ सोंगट्या, त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत मांडतात, मागची ओळ रिकामी; आणि चाल सरळ पुढे किंवा आडवी.

(चायनीज चेकर्सचा या सगळ्याशी संबंध नाही, आणि चीनशीही नाही. तो षट्कोनी ताऱ्याचा पट १८९२ मध्ये जर्मनीत निघाला, 'चायनीज' हे नाव नंतर अमेरिकेत विक्रीसाठी दिलं. त्यात उडी असते पण कुणाला उचलत नाहीत. ज्यांच्या घरात लहान मुलं सोंगटी गेली की रडतात त्यांनी तो आणावा.)

आपल्या बायकांच्या कामाची एक गोष्ट यात आहे. ज्या सोंगटीला इंग्रजीत किंग म्हणतात, तिला फ्रेंच आणि जर्मनमध्ये 'दाम', स्पॅनिश आणि इटालियनमध्ये 'दामा', रशियनमध्ये 'दामका' म्हणतात. सगळ्याचा अर्थ बाई, मानाची बाई. फ्रेंचांत खेळाचं नावच बायांचा खेळ. शेवटच्या ओळीपर्यंत पोचून मोठी होणारी ती युरोपभर बाई आहे, इंग्रजीत तेवढी राजा झाली. आणि आपल्याकडे डबा इंग्रजी वाटेने आला म्हणून आपणही राजा म्हणतो. माझ्या सासूबाई दोन्ही म्हणत नसत. एकावर एक दोन चकत्या दिसल्या की म्हणायच्या, "माडी चढली."

हा खेळ आला कुठून? हॅरल्ड मरे नावाचे इंग्रज अभ्यासक होते, त्यांनी १९५२ मध्ये पटावरच्या खेळांचा मोठा इतिहास लिहिला. त्यांचं मत असं की दक्षिण फ्रान्समध्ये सुमारे ११०० च्या आसपास कुणीतरी एका जुन्या रेघांच्या खेळाच्या सोंगट्या उचलून बुद्धिबळाच्या पटावर मांडल्या आणि ड्राफ्ट्स जन्माला आला. तो जुना खेळ म्हणजे अरबांचा 'किरकत', स्पेनमध्ये गेल्यावर 'अल्केर्के' झाला. स्पेनचा राजा दहावा अल्फोन्सो याने १२८३ मध्ये खेळांचं एक चित्रमय पुस्तक करवून घेतलं, त्यात अल्केर्केचा पट आहे: पाच आडव्या, पाच उभ्या रेघा, मध्ये तिरक्या रेघा, २५ ठिकाणं, १२-१२ सोंगट्या, आणि मधोमध एकच जागा रिकामी.

हे वर्णन वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. हा पट मी ओळखत होते. आमच्या माहेरच्या दगडी कट्ट्यावर कुणीतरी कधीतरी टाचणीने की खिळ्याने कोरलेला होता. आजोबा म्हणायचे, त्यांच्या लहानपणीही तो होताच.

कोरलेल्या पटांवरून एक सावधगिरीची गोष्ट सांगते, कारण आजकाल मोबाईलवर 'पाच हजार वर्षांपूर्वीचा खेळ' असे निरोप फार फिरतात. इजिप्तमध्ये कुर्ना इथल्या देवळाच्या छताच्या दगडांवर असा पट खोदलेला आहे आणि त्यावरून हा खेळ तीन-साडेतीन हजार वर्षं जुना असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. पण त्याच दगडांवर नंतरच्या ख्रिस्ती लोकांनी काढलेले क्रूसही आहेत. दगडाचं वय वेगळं, त्यावरच्या रेघेचं वय वेगळं. देऊळ बांधणाऱ्या गवंड्याने तो पट काढला असेल किंवा हजार वर्षांनी तिथे सावलीला बसलेल्या कुणी काढला असेल.

आपल्या भागातही असं पुष्कळ आहे. कल्याण हे दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर, ग्रीक भाषेतल्या जुन्या प्रवासवर्णनात त्याचं नाव येतं, कान्हेरीच्या लेखांतही येतं. कल्याणहून निघालेला माल नाणेघाट चढून जुन्नरला जायचा. घाटमाथ्यावर सातवाहनांचं लेणं आहे, राणी नागनिकेचा मोठा शिलालेख आहे, आणि जकात टाकायचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण आहे. अशा वाटांवरच्या लेण्यांत, किल्ल्यांच्या कट्ट्यांवर, देवळांच्या ओसरीत खेळांचे पट कोरलेले सापडतात. नाणेघाटातही अभ्यासकांनी ते नोंदवले आहेत. कुठे गोट्या टाकायचे खळगे, कुठे वाघ-बकरीच्या रेघा. बैल विसावलेत, माल उतरवलाय, जकातीची वाट बघतोय, तोवर माणसं काय करणार? कल्याण स्टेशनात गाडी उशिरा आली की आपण मोबाईल काढतो तेच. पण तो पट सातवाहनांच्या काळातला की पेशवाईतल्या गुराख्याने कोरलेला, हे नुसत्या रेघेवरून सांगता येत नाही.

कागदावरच्या नोंदी मात्र अलीकडच्या आहेत आणि त्यांना तारखा आहेत. आजच्या उत्तर प्रदेशातल्या करवी भागात गावकरी कुठले बैठे खेळ खेळतात याचं टिपण हम्फ्रीज नावाच्या अधिकाऱ्याने १९०६ मध्ये एशियाटिक सोसायटी ऑफ बंगालच्या नियतकालिकात छापलं. हेन्री पार्कर यांनी १९०९ च्या श्रीलंकेवरच्या पुस्तकात तिथले खेळ दिले, त्यात हा सोळांचा पटही आहे. १९२० च्या दशकात कलकत्त्याचे हेमचंद्र दासगुप्त यांनी बंगालबरोबर मध्य प्रांतातल्या बैठ्या खेळांवरही लिहिलं. बंगालकडे या सोळा सोंगट्यांना 'मोगल-पठाण' म्हणतात, जणू दोन फौजा. आमच्या माहेरी नुसतं 'सोळा सोंगट्या' म्हणायचे, कल्याणच्या काकू 'सोळा गोट्या' म्हणतात.

पट आखायला सोपा आहे. आधी मोठा चौकोन. त्याला उभे चार, आडवे चार असे समान भाग पाडा, म्हणजे १६ लहान घरं आणि रेघा मिळतात तिथे २५ ठिकाणं होतील. मोठ्या चौकोनाचे दोन कर्ण काढा. मग चारही बाजूंचे मध्य एकमेकांना तिरक्या रेघांनी जोडा, आत शंकरपाळ्याचा आकार दिसेल. हा झाला बारा-बारांचा पट. सोळांसाठी वर आणि खाली एकेक त्रिकोण जोडायचा, टोक चौकोनाच्या बाजूच्या मध्यावर आणि पाया बाहेर. त्रिकोणाच्या मधून एक आडवी आणि एक उभी रेघ. प्रत्येक त्रिकोणात सहा नवी ठिकाणं मिळतात. २५ आणि १२ मिळून ३७.

प्रत्येकीने आपल्या त्रिकोणात ६ आणि चौकोनाच्या आपल्याकडच्या दोन ओळींत १० अशा १६ मांडायच्या. मधली पाच ठिकाणांची ओळ रिकामी. ३७ वजा ३२, शिल्लक ५. हिशेब जुळला की पट बरोबर आखला असं समजा. बारांच्या पटात शिल्लक एकच, मधली. म्हणून तिथे पहिली चाल त्या एका जागेतच करावी लागते आणि पहिली उडीही लगेच समोरचीला मिळते.

इथे सोंगट्या घरात बसत नाहीत, रेघांच्या सांध्यावर बसतात. चाल रेघेवरून शेजारच्या रिकाम्या सांध्यावर. ज्या सांध्यातून तिरकी रेघ जात नाही तिथून तिरकं जायचं नाही, नवीन खेळणाऱ्या इथेच चुकतात. उडी रेघेतच, सरळ, पलीकडची जागा रिकामी असेल तर, आणि एका चालीत मिळतील तेवढ्या. आमच्याकडे सोंगटी मागेही येऊ शकायची. माडी चढणं वगैरे काही नाही, सगळ्या सोंगट्या शेवटपर्यंत सारख्या. डब्यातल्या खेळात आणि आपल्या खेळात माझ्या मते हा खरा फरक आहे. तिथे पुढे जाऊन मोठं व्हायचं असतं, म्हणून सोंगटी मागे फिरत नाही. इथे मोठं व्हायचंच नाही, म्हणून मागे यायला हरकत नाही.

काकूंच्या घरची पद्धत मी त्यांना विचारून लिहून घेतली. त्यांचं माहेर निपाणीकडचं. तिथे पहिल्या पाच चालींत उचलायचंच नाही, दोघींच्या फौजा मध्ये येऊ द्यायच्या. नंतर उचलणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. एका चालीत तीन उचलल्या तर आणखी एक चाल बक्षीस. त्रिकोणात शिरलेल्या सोंगटीला त्रिकोणातच उचलता येतं, बाहेरून नाही. आणि बरोबरी झाली तर ज्या बाजूला पाहुणी बसली असेल ती जिंकली. हा शेवटचा नियम मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही आणि मला तो सगळ्यात जास्त आवडतो. या नियमांनी वाढलेल्या बाईला मोबाईलची सक्ती अडवणारच.

आमच्या घरांत हा खेळ टिकला त्याला आणखी एक कारण असावं. सप्तव्यसनांत जुगार येतो, त्यामुळे पत्ते आणि फासे घरात दिसले की जुनी माणसं कपाळाला आठ्या घालायची. आपला ८४ घरांचा ज्ञानबाजीचा पट कवड्यांवर चालायचा, पण तो मोक्षाच्या वाटेचा म्हणून त्याला मुभा. सोळा सोंगट्यांत दानच पडत नाही, नशिबाचा संबंध नाही, पैसा लावायला जागा नाही. म्हणून आजोबांसमोरही खेळता यायचं. मात्र 'मारली' म्हणायची सोय नव्हती. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला टोकलं होतं, "उचलली म्हण." आमच्या चाळीतल्या गुजराती मैत्रिणी भाजी कापली न म्हणता 'सुधारली' म्हणायच्या, त्यातलाच हा प्रकार. गंमत म्हणजे स्पॅनिश लोक सोंगटी 'खाल्ली' म्हणतात, इंग्रज 'घेतली' म्हणतात, रशियन मात्र ठोकतात.

सोंगट्यांना काय वापरायचे? एकीकडे चिंचोके, दुसरीकडे फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे. किंवा चिंचोकेच, अर्धे घासून पांढरे केलेले. डोंबिवलीत लग्न होऊन आले तेव्हा चाळीच्या गॅलरीत शहाबादी फरशी होती. दुपारी पाणी यायच्या आधी बायका कोळशाने पट आखायच्या आणि बादल्या वाजल्या की पट तसाच ठेवून उठायच्या. संध्याकाळी पुरुष कामावरून आले की त्याच रेघांवरून चपला घालून जायचे. आता त्या चाळीच्या जागी इमारत आहे. ठाण्याला मुलाच्या घरी चकचकीत फरशी, तिच्यावर खडू उमटत नाही. मी एका जुन्या उशीच्या अभ्र्यावर पट भरतकाम करून घेतला, घडी करून पिशवीत राहतो.

खेळाच्या बाजूने एक शेवटची माहिती देते, कारण नातवंडं हीच विचारतात: "कॉम्प्युटरला हरवता येतं का?" कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर यांनी १९८९ मध्ये 'चिनूक' नावाचा कार्यक्रम लिहायला घेतला. त्या काळी मॅरियन टिन्सली नावाचे अमेरिकन गणिताचे प्राध्यापक या खेळातले अजिंक्य खेळाडू होते. चाळीसएक वर्षांत ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच डाव हरले. १९९४ मध्ये चिनूकशी त्यांचा सामना चालू असताना आजारपणामुळे त्यांना सोडावा लागला आणि पुढच्याच वर्षी ते गेले. शेफर यांचं काम चालूच राहिलं, आणि २००७ मध्ये त्यांनी सिद्ध केलं की दोघांनीही एकही चूक केली नाही तर डाव बरोबरीत सुटतो. त्यासाठी सुमारे ५ वर २० शून्यं इतक्या मांडण्यांचा हा खेळ त्यांना अठरा वर्षं सोडवावा लागला. पण हे फक्त ६४ घरांच्या इंग्रजी नियमांपुरतं खरं आहे. नातवाने 'आजी, हा खेळ कॉम्प्युटरने संपवून टाकलाय' म्हटलं तर त्याला विचारा, कुठल्या नियमांचा?

बहुतेक मोबाईलच्या खेळांत आत एक कप्पा असतो, तिथे इंग्रजी, रशियन, तुर्की, आंतरराष्ट्रीय असे नियम निवडता येतात. काहींत उचलण्याची सक्ती बंदही करता येते. मी काकूंच्या नातवाला ते दाखवलं. त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "पण मग खरा नियम कुठला?" काकूंनी त्याला माझा अभ्रा पसरून दिला आणि सोंगट्या मांडायला लावल्या. तीन डाव झाले. पाचव्या चालीआधी उचलायचं नाही हे तो दर वेळी विसरत होता आणि काकू त्याचा हात धरून मागे घेत होत्या.

मैत्रिणींनो, तुमच्या माहेरचे नियम मला कळवा. खेळाला काय म्हणत होतात? सोंगट्या बारा की सोळा, की आणखी किती? त्रिकोण दोन होते की चारही बाजूंना होते? मागे येता यायचं का? उचलायची राहिली तर काय करायचे, आणि त्या सोंगटीला नाव काय होतं? सासर आणि माहेर दोन्हीकडचे वेगळे असतील तर दोन्ही लिहा. घरात ऐंशीच्या पुढची कुणी असेल तर आधी तिला विचारा, कागद-पेन्सिल हातात घेऊनच, कारण पट तोंडी सांगता येत नाही, काढूनच दाखवावा लागतो.